अस्मिताताईंच्या प्रचारातला भोंगा

मित्रांनो, मला ओळखायला तुम्हाला फार वेळ लागणार नाही. मी एक जुना भोंगा आहे, हातात धरून, खटका दाबून बोलायचा. माझा रंग उडालाय, तोंडाला पोचा पडलाय आणि पट्टा तुटल्यापासून मी परकराच्या नाडीवर लटकतो. पण माझ्या रूपावर जाऊ नका. आमच्या अंबरनाथची नगराध्यक्ष माझ्यातून बोलली आहे, आणि ही फुशारकी मी मरेपर्यंत मारणार आहे.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधला. पुढे दुकान, मागे बोळकांडीएवढा कारखाना. कर्णा एकाने आणला, तारा दुसऱ्याने जोडल्या, आणि सिंधी शेठने मला काउंटरवर मांडलं. गिऱ्हाईक आलं की माझा खटका दाबून तो म्हणायचा, "भाऊ, आवाज बघा! विठ्ठलवाडीला नाय ऐकू गेला तर परत आणा!" शुद्ध थाप होती. पण रोज ऐकून माझीही छाती फुगायची.

मला घेतलं महेंद्र रोकडेने. महेंद्र आनंदनगरच्या एका कारखान्यात मशीनवर काम करायचा आणि पाळी सुटली की वस्तीची कामं करायचा. जयंतीची मिरवणूक, रक्तदान, टँकरची वेळ, हरवलेलं पोर, सगळ्याची हाकाटी माझ्यातून व्हायची. शेवटी त्याचं एक ठरलेलं वाक्य असे : "आपला, महेंद्र रोकडे!" लोक माझा आवाज ऐकून दारात येत. नगराध्यक्ष व्हायचं त्याच्या फार मनात होतं. तो कुणाला सांगत नसे, पण मी त्याच्या तोंडाशीच असायचो, मला कळायचं.

आणि निवडणूक आली ती नेमकी नगराध्यक्षपद महिलांसाठी राखीव होऊन. महेंद्रचा चेहरा पडला. वस्तीतल्या बायकांनी मात्र लगेच त्याच्या बायकोचं, अस्मिताताईंचं, नाव काढलं. ताई कारखान्यात पॅकिंगला होत्या. पाण्यासाठी याच बायकांना घेऊन त्या नगरपालिकेच्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसल्या होत्या. महेंद्रने एक दिवस मला खिळ्यावरून काढलंच नाही. मग त्याने कारखान्यात रजा टाकली, मला पुसलं, नवे सेल घातले आणि आईला म्हणाला, "आई, घरातलं माणूस उभं राहतंय. आपण बसून कसं चालेल?"

सगळं घर प्रचाराला निघालं. पुढे सासूबाई रखमाबाई, पांढरं पातळ नेसून, दारोदार जयभीम घालत. मग मला घेऊन महेंद्र. मागे हात जोडून अस्मिताताई. महेंद्रचा आवाज खणखणीत लागायचा : "अस्मिता रोकडे यांना कपबशीसमोरचं बटण दाबून प्रचंड मतांनी विजयी करा! आपला, महेंद्र रोकडे!" यात काही चुकतंय असं कुणाच्या ध्यानीमनी आलं नाही. माझ्याही नाही. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

चूक उघडी पडली चिखलोलीत. राजाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकरणीने ताईंना ओट्यावर बसवून पाणी दिलं.

"तू महेंद्रची बायको ना गो? त्याला सांग, आमचे घरातली सगली मता त्यालाच."

"आजी, उमेदवार मी आहे."

"आसशील गो बाय. पन भोंग्यातशी नाव त त्याचाच येतं. मी त्याचाच नाव बघून बटन दाबीन."

ताईंचा हात पेल्यावर तसाच राहिला. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. मतदान तोंडावर आलेलं आणि मशीनवर महेंद्रचं नाव औषधालाही नाही. लोक कपबशी विसरून ते शोधणार, सापडणार नाही आणि भलतंच बटण दाबून घरी येणार.

"अहो," रस्त्यातच थांबून ताई म्हणाल्या, "माझं तोंड शिवलंय का?"

महेंद्रने मला तोंडापासून खाली घेतलं. त्याचे कान लाल झाले होते. खरं सांगतो मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या मोठ्या आवाजाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौकात सभा होती. महेंद्रने सवयीने मला तोंडाशी नेलं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "वहिनींना बोलू द्या की! का निवडून आल्यावर पण तुम्हीच बोलणार?" हशा पिकला. महेंद्रचा हात थरथरला. मग त्याने नाडी गळ्यातून काढली आणि मला ताईंच्या हातात दिलं.

ताईंनी मला इतकं जवळ धरलं की मी कर्कश किंचाळलो.

"चूल फुंकतेस का गं?" रखमाबाई म्हणाल्या. "जरा लांब धर!"

पुन्हा हशा. ताईही हसल्या, आणि त्यांची भीती गेली. पॅकिंगच्या मशीनच्या गोंगाटात बोलावं तसं त्या बोलल्या, सावकाश, तुटक, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. "मी अस्मिता रोकडे. उमेदवार मी आहे. माझे मिस्टर छान बोलतात, पण मशीनवर नाव माझं आहे. अपरात्री येणारं पाणी मी भरते. त्याचा जाब पण मीच विचारणार."

मग चौकात जो टाळ्यांचा कडकडाट उठला, तो मी कधीच विसरणार नाही. महेंद्र बाजूला ताईंची पर्स धरून उभा होता. त्याचा एक मित्र म्हणाला, "काय भाऊ, पर्स सांभाळायला ठेवलं वाटतं?" महेंद्र म्हणाला, "हो. तुला जमेल का?"

त्यानंतर मी ताईंच्याच खांद्यावर राहिलो. त्या राजाबाईंच्या ओट्यावर पुन्हा जाऊन आल्या, गल्ली न् गल्ली फिरल्या, आणि निवडून आल्या!

निकालाच्या दिवशी निळ्या गुलालात घर न्हाऊन निघालं. महिपतीशेठ नावाचा ठेकेदार भलामोठा हार घेऊन आला. ताई समोर उभ्या असताना त्याने तो महेंद्रच्या गळ्यात घातला. "अभिनंदन भाऊ! उद्यापासून ऑफिसला तुम्हीच बसणार ना? वहिनी काय, सह्या करतील."

असं चालतं, हे सगळ्यांना माहीत होतं. रखमाबाई पोराकडे टक लावून बघत होत्या. महेंद्रच्या मनातली जुनी इच्छा मला ठाऊक होती.

महेंद्रने हार काढला आणि ताईंच्या गळ्यात घातला.

"शेठ, माझी रजा संपली. उद्या मला पहिली पाळी आहे," तो म्हणाला. "ऑफिसला मॅडम असतील. वेळ घेऊन या."

मित्रांनो, आता ताईंच्या टेबलावर चांगला माईक आहे आणि मी खिळ्याला टांगलेला असतो. माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. काम झालं की आमच्या पोटातले सेल काढून ठेवत जा, नाहीतर ते गळतात आणि आम्ही मुके होतो. आणि मला पुन्हा हातात घ्याल तेव्हा खटका दाबण्याआधी शेजारी बघा. तिथे कुणी कधीचं हात जोडून उभं असेल, तर मला त्याच्याकडे द्या. देताना हात थरथरतो. महेंद्रचाही थरथरला होता.