कडूबा मामांचा डावा पाय

आमच्या चर्चच्या मंडळीत गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, म्हणजे पवित्र गुरुवारी, ज्यांचे पाय धुतले जातात, ते सगळे घरून पाय धुऊन येतात. नुसते धुऊन नाही. नखं कापून, टाचा घासून, वर पावडर मारून. बारा माणसं बारा खुर्च्यांवर बसतात, पाळकसाहेब गुडघे टेकून प्रत्येकाच्या अंगठ्यावर चमचाभर पाणी सोडतात आणि टॉवेलनं टिपतात. प्रभू येशूनं शिष्यांचे धुतले ते पाय धुळीनं माखलेले होते, हे संडे स्कूलमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आमच्या कमिटीला नाही.

यंदा पाळकसाहेबांनी ठरवलं की पाय तरुण संघानं धुवायचे. "या वयात सेवा शिकला नाहीत तर पुढे शिकणार नाही," ते म्हणाले आणि मला ते पटलं. मी अपेक्षा, वय सोळा, दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली, तरुण संघाची सेक्रेटरी. कोणाचे पाय, असं मी विचारलं, तर कमिटीचे शांतवन काका यादी घेऊनच आले होते. बाराच्या बारा नावं कमिटीतली आणि त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांची. बारावं त्यांचं स्वतःचं.

"कडूबा मामांचं नाव कुठंय?" मी म्हणाले.

कडूबा मामा आमच्या चर्चचे राखणदार. फुलंब्रीकडचे, साठी उलटलेले, बायको वारलेली, मूलबाळ नाही. चर्चच्या मागच्या खोलीत राहतात, घंटा वाजवतात, झाडतात, संडास धुतात. चिकलठाण्यात आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. टाक्या भरायचं कामही त्यांच्याच गळ्यात. त्या बारा जणांचे पाय धुवायचं पाणीसुद्धा त्यांनीच भरून ठेवलेलं.

शांतवन काका हसले. "अगं, तो नोकरमाणूस. त्याला अवघडल्यासारखं होईल."

आई म्हणते, माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. त्या दिवशी तो तिथंही थांबला नाही. मी ठरवलं, अख्ख्या मंडळीसमोर मामांना खुर्चीत बसवायचं आणि मग कमिटीची तोंडं बघायची. प्रणय आमच्यात ढोलकी वाजवतो, शांत पोरगा आहे. तो म्हणाला, "मामांना विचार तरी एकदा." मी म्हणाले, विचारलं तर ते नाहीच म्हणतील. हे मी माझ्या तोंडानं म्हणाले आणि तरी मला काही कळलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी अकरा जणांचे पाय धुऊन झाले. बारावे माझ्याकडे होते. शांतवन काका खुर्चीतून पँट वर दुमडत होते, तेवढ्यात मी माइक हातात घेतला. "मला हे पाय धुवायचे नाहीत. वर्षभर आपली घाण जे काढतात, त्यांचे धुवायचेत. मामा, पुढं या."

मामा मागच्या दाराशी उभे होते. एप्रिलच्या उकाड्यात त्यांच्या पायात मोजे आणि कापडी बूट. त्यांनी मान हलवली. सगळे वळून बघायला लागले. पाळकसाहेबांना तर गहिवरून आलं. "ये कडूबा, ये," म्हणाले. मी जाऊन मामांचा हात धरला आणि त्यांना घेऊन आले. ते लंगडत होते. हळूच म्हणाले, "नको पोरी. आज नको." मला वाटलं, लाजतायत.

बूट मीच काढले. उजवा मोजा निघाला. डावा पायाला चिकटलेला होता, तो मी ओढला. आधी वास आला. मग दिसलं. करंगळी काळी पडलेली आणि तळव्याला रुपयाएवढी जखम, आतून ओली. पुढच्या बाकावरच्या बायांनी नाकाला पदर लावले. कोणीतरी फोनवर शूटिंग करतच होतं. मामांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी तांब्या धरून नुसती उभी. प्रणयनं खाली बसून त्यांचा पाय टॉवेलात गुंडाळला.

मामांना साखरेचा आजार. जखम दोन महिन्यांची. लपवली होती, कारण खोली नोकरीसोबतची. पाय गेला म्हणजे नोकरी गेली, नोकरी गेली म्हणजे छप्पर गेलं. आणि व्हायलाही तसंच लागलं. शनिवारी कमिटी बसणार आणि मामांना "आरामासाठी" गावी पाठवून नवा माणूस बघणार, हे शुक्रवारच्या उपासनेतच कानावर आलं. येशूची वधस्तंभावरची सात वचनं चालू होती आणि मागच्या बाकांवर नव्या राखणदाराचं ठरत होतं. मला सगळ्यांचा संताप आला.

तसाच संताप घेऊन मी मामांच्या खोलीवर गेले. म्हणाले, "मामा, मी भांडते त्यांच्याशी."

ते खाटेवर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझे पाय धुवायचे व्हते, तर इथं यायचं. पाणी मीच काढून दिलं असतं." मग म्हणाले, "तुला शांतवनसाहेबाच्या थोबाडीत मारायची व्हती ना? मग सोताचा हात वापरायचा. माझा पाय कशाला घेतला?"

 

शनिवारी कमिटीपुढे मी भाषण केलं नाही. एक कागद ठेवला. त्यावर तरुण संघातल्या चौदा पोरापोरींची नावं आणि प्रत्येकापुढं वार: झाडणं, घंटा, टाक्या, संडास. मामा बरे होईपर्यंत काम अडणार नाही आणि खोली मामांकडेच राहील. शांतवन काका म्हणाले, "पोरं दोन दिवस करतील." पाळकसाहेबांनी मान खाली घालून सही केली. त्या "दोन दिवसां"वर आम्ही आतापर्यंत दीड महिना काढलाय. आमच्यातल्या मोनिकाची आई भांडायला आली, दोघं गळाले, पण टाक्या एकदाही कोरड्या राहिल्या नाहीत. दवाखान्यात मामांची करंगळी काढावी लागली. पाय वाचला.

पट्टी रोज प्रणय करतो. मामा त्याच्याशी बोलतात, हसतात. परवा मी धीर करून दाराशी गेले. "मामा, आज पट्टी मी करू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, आणि तेच जास्त लागलं. "नाय पोरी," म्हणाले, "तुझ्यासमोर पाय उघडा करावा वाटत नाय मला."

प्रणय खाली मान घालून कापूस सुटा करत होता. मला त्याचा राग आला, मामांचा आला, आणि मग ज्या पोरीनं तो मोजा ओढला तिचा आला. तो अजून गेलेला नाही. त्या दिवशी माझा वार संडासाचा होता. मी खोलीचं दार ओढून घेतलं, संडासात जाऊन ब्रश उचलला आणि घासायला बसले.