बाकावरचं वाक्य

बाईंचा लॅटिनचा वर्ग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. हौस म्हणून आलेली मंडळी विभक्ती सुरू झाल्यावर एकेक करून पांगली. उरले एकटे घड्याळवाले.

बाईंनाही दुसरं कोण होतं? शाळेनं लॅटिन बंद केलं तेव्हाच त्या निवृत्त झाल्या. लेक समुद्रापलीकडे. तिचा फोन यायचा, पण “आई, बोल पटकन” म्हणत. बाकीचे दिवस भाजीवाल्याशी बोललेलं तेवढंच बोलणं. वर्गाच्या दिवशी मात्र बाई दुपारपासूनच केस विंचरून बसायच्या.

“मला भाषा नको, बाई. एकच वाक्य हवंय,” घड्याळवाल्यांनी आल्या आल्याच सांगितलं होतं. त्यांची बायको बागेत झाडांच्या पाट्या लिहायची. जन्मभर तिच्या तोंडी लॅटिन नावं, आणि यांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. ती गेल्यावर बागेनं तिच्या आठवणीसाठी एक बाक दिला. त्यावरच्या पितळी पाटीवर यांना लिहायचं होतं, नवरा बायकोवर प्रेम करतो.

“एवढंच ना? आत्ता लिहून देते.”

“नको. मी काय म्हणतोय, ते मला कळायला हवं.”

मग बाईंनी फळ्यावर लिहिलं. मारितुस म्हणजे नवरा, उक्सोरेम म्हणजे बायकोला, आमात् म्हणजे प्रेम करतो. “आता शब्द कसेही फिरवा. मांजर उंदराला पकडतं म्हणा, नाहीतर उंदराला मांजर पकडतं म्हणा, जीव उंदराचाच जातो. आपला ‘ला’, तसा त्यांचा शेवटचा ‘म’.”

“मग आधी काय, नंतर काय, याला काहीच अर्थ नाही?”

“आहे तर! कोण कोणाला, ते शब्दाची शेपटी सांगते. बोलणाऱ्याच्या मनात आधी काय आलं, ते क्रम सांगतो.”

घड्याळवाल्यांनी तीन चिठ्ठ्या केल्या आणि हिवाळाभर त्या टेबलावर फिरवल्या. घड्याळं उघडायची सवय असलेली ती बोटं, एकेक चिठ्ठी अलगद उचलायची. एका संध्याकाळी ते थांबले. उक्सोरेम आमात् मारितुस.

“ती पहिली, मी शेवटी,” ते म्हणाले. “मी दुकान बंद करून येईपर्यंत ती जेवायला थांबायची. आता मीच मागे राहिलोय. मग वाक्यातही मागेच बरा.”

“व्याकरणात बसतं,” एवढंच त्या म्हणाल्या.

उन्हं तापू लागली तेव्हा घड्याळवाल्यांनी त्यांना बागेत नेलं. बाक नवा होता, पाटी चकचकीत होती. पण घड्याळवाल्यांचा चेहरा उतरलेला.

“पहिल्या शब्दाचा ‘म’ राहिलाय, बाई. कोरणारा म्हणतो, जागा पुरली नाही. अर्थ बदलला का हो?”

एका अक्षरासाठी बाईंनी वर्गच्या वर्ग नापास केले होते. ‘बदलला’ म्हणायचा अवकाश, की पाटी परत जाणार, नवं वाक्य जुळवायचं, पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा वर्गातल्या त्या संध्याकाळी. शब्द अगदी जिभेवर आला.

“नाही बदलला,” त्या म्हणाल्या. “जुन्या दगडांवरही कोरणारे हा ‘म’ कितीदा गाळायचे. वाचणाऱ्यांना कळायचं.”

“खरंच?”

“खोटं कशाला सांगू?”

ते खरंच होतं. घड्याळवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि रुमालानं पाटी पुसली. “चला, काम झालं. फार उपकार झाले, बाई. आता तुम्हाला त्रास नाही.”

“त्रास कसला,” बाई म्हणाल्या. ते त्यांना ऐकू गेलं नसावं.

पुढच्या वर्गाच्या दिवशी बाई वेळेवर वर गेल्या, खडू घेऊन बसल्या. बऱ्याच वेळानं ग्रंथपाल डोकावल्या.

“कोणी यायचंय का अजून?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “जरा बसते, चालेल ना?”

“बसा की,” म्हणत ग्रंथपालांनी दार ओढून घेतलं.