ठराव टेबल झाला

देवासच्या मराठी मंडळात उदाजीराव इतकी वर्षं अध्यक्ष होते की नव्या पोरांना ‘अध्यक्ष’ हे त्यांचं आडनावच वाटे. गणपतीत पहिला नारळ त्यांचा, नाटकाला मधली खुर्ची त्यांची. आणि आता, धारहून गल्लीतल्या एका घरात सून होऊन आलेल्या वकील माधवीने ठराव आणला: पंचाहत्तरी उलटलेल्याने अध्यक्षपद सोडावं. मंडळात असा अध्यक्ष एकच होता.

उदाजीरावांनी थेट अमेरिकेत पुतण्याला फोन लावला. संग्राम तिथल्या नगरसमितीवर निवडून आला होता, म्हणजे घराण्यातला कायदेपंडित तोच.

“काका, सोपंय. सभेत उठा आणि म्हणा, आय मूव्ह टू टेबल इट. विषय तिथेच खलास!”

रविवारी उदाजीराव फेटा बांधून सभेला गेले. माधवी ठराव वाचायला उठली, तोच ते गरजले, “आय मूव्ह टू टेबल इट!”

माधवीचा कागद हातातच राहिला.

“काका, तुम्ही स्वतः?” तिने हातच जोडले. “मला वाटलं होतं, तुम्ही आडवे याल.”

“वा भिया, इसको कहते हैं बड़प्पन!” खजिनदार राजवीर ओरडला. टाळ्या पडल्या, भराभर हात वर झाले. पहिला हात उदाजीरावांच्या पत्नीचा, भवानीबाईंचा. विषय गाडायलाच हे हात वर झालेत अशा समजुतीने उदाजीरावांनीही दणकून हात वर केला. ठराव एकमताने मंजूर!

खांद्यावर शाल पडली तेव्हा त्यांना शंका आली. माधवीला कोपऱ्यात ओढून ते म्हणाले, “हा सत्कार कसला? मी ठराव टेबल केला, म्हणजे बाजूला सारला!”

माधवीला हसू आवरेना. “तो अमेरिकेतला अर्थ, काका. शब्द आला टेबलावरून. सभेच्या टेबलावर कागद ठेवायचा. इंग्रज तो चर्चेला घ्यायला ठेवतात, आणि आपण शिकलो त्यांच्याकडून. अमेरिकन ठेवतात तो तिथेच पडून राहावा म्हणून.”

“म्हणजे एकजण पान वाढतो आणि दुसरा झाकून ठेवतो? एकाच शब्दात? आग लागो त्या भाषेला! रद्द कर सगळं.”

“करते. पण सभेला कारण सांगावं लागेल.”

उदाजीरावांनी सभेकडे पाहिलं. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. भवानीबाई जवळ येऊन पुटपुटल्या, “अहो, आजवर लोक खुर्चीला टाळ्या वाजवायचे. आज तुम्हाला वाजवतायत. खरं सांगून घाण करू नका.”

उदाजीरावांनी शाल सारखी केली आणि माइक हातात घेतला.

“त्याग,” ते म्हणाले, “आमच्या रक्तातच आहे.”

पुढे ते बराच वेळ बोलले. शेवटी माधवीनेच त्यांना हाताला धरून खाली बसवलं.