टायरला अजून केस आहेत

माझ्या नवऱ्याच्या गाडीच्या टायरला अजून केस आहेत. नव्या टायरला कडेकडेनं रबराचे बारीक काटे असतात ना, ते. चालत्या गाडीचे महिनाभरात झिजून जातात. आमच्या गाडीचे नऊ वर्षांनंतरही शाबूत आहेत, कारण आमची गाडी चालत नाही, मिरवते. लग्नात माझ्या वडिलांनी दिलेली मोटारसायकल ती. सीटवरचा प्लॅस्टिकचा कागद तिसऱ्या वर्षी निघाला, तोही मी साडीसकट दोनदा घसरले आणि भांडले म्हणून. रामप्रसाद तिला दर शनिवारी शाम्पूनं धुतो. माझ्या डोक्याला कोणता शाम्पू लागतो हे त्याला विचारा, सांगता यायचं नाही.

नवऱ्याचं नाव घेते म्हणून कुणी दचकू नये. संक्रांतीपर्यंत मीही 'आमचे हे' म्हणायचे.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही परभणीहून पोखर्णीला परत येत होतो. पुढे टाकीवर दीपिका, आमची आठ वर्षांची लेक. मागे मी. कुणीतरी उसाला सोडलेलं पाणी रस्त्यावर आलं होतं. शेरडं आडवी आली, रामप्रसादनं ब्रेक दाबला आणि गाडी ओल्या फरशीवरच्या साबणासारखी सरकली. वेग म्हणाल तर सायकलचा. मी उजव्या हातावर पडले. दीपिकाची हनुवटी फुटली. मी मान वर करून पाहिलं, तर रामप्रसाद गाडीजवळ उकिडवा बसून टाकीवर पडलेला पोचा अंगठ्यानं चाचपत होता. माझी लेक रडत होती आणि हा पोचा चाचपत होता. शेळ्यांमागच्या बाईनं पोरीला उचललं, तिच्या हनुवटीला स्वतःचा पदर लावला. मग कुठे याला आठवलं, की आपल्याबरोबर बायकोपोरगी होती.

दीपिकाला तीन टाके पडले. माझं मनगट मोडलं. मी ब्लाऊज शिवते. ऐन लग्नसराईत दीड महिना मशीनवर चादर टाकून बसले, आणि गिऱ्हाइकं दुसरीकडं जाताना दारातून बघत राहिले.

प्लास्टर घातलेला हात घेऊन दुसऱ्याच दिवशी मी फाट्यावर दत्ताच्या दुकानात गेले. दत्ता टायर-पंक्चरचं काम करतो. गाडी त्याच्याकडेच होती, पोचा काढायला. रामप्रसाद शेजारी उभा होता.

"वैनी, हे आकडे बघा," टायरच्या अंगावरचे चार आकडे दाखवत दत्ता म्हणाला. "पहिले दोन आठवड्याचे, मागचे दोन सालाचे. सतरा. म्हंजे दोन हजार सतराचा माल." त्यानं रबरात नख रोवून पाहिलं, नख रुतेना. अंगठ्यानं टायरची बाजू दाबली तर बारीक बारीक भेगा उघडल्या. "नक्षी हाय, पर रबर मेलंय. ओल्यात पकडणार न्हाई, अन् उन्हात कवा फुटंल सांगता येत न्हाई. मी तर..."

त्यानं रामप्रसादकडे एकदा बघितलं आणि पाना उचलला. मला वाटलं, गिऱ्हाइकाला दुखवायचं नसेल.

मला पुढचं सांगायची गरज नव्हती. पेटीत ठेवलेलं इलास्टिक मी रोज बघते. पाच वर्षं न वापरता ठेवा, दिसायला कोरं असतं, परकरात घालून ताणलं की करकर मोडतं. रबर वापरानं झिजतं तसं नुसतं पडूनही मरतं. एवढं साधं. घरी आल्यावर मी जुन्या इलास्टिकचा तुकडा रामप्रसादच्या हातात दिला आणि ताणायला लावला. मोडला.

"हे परकराचं हाय," तो म्हणाला. "ती गाडी हाय."

"बदला टायर."

"अगं, केस हायत अजून! केस असलेला टायर कुणी फेकतंय का? अन् बदलायचेच असले तर चार महिने थांब की. धोंड्याचा महिना यायलाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तीन वर्षांनी अधिक महिना येतो. सासुरवाडीला जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, पाय धुतात, वाण देतात. वाण म्हणजे तेहतीस अनारसे आणि वर लावलेला दिवा. आता दिव्याशेजारी काय ठेवायचं ते जावई ठरवतात. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याला रामप्रसादला अंगठी झाली. दुसरा करोनात हुकला, त्याचं दुःख तो अजून माणसांत बसून सांगतो. तिसऱ्याला घड्याळ. आणि आता टायर. गाडी सासऱ्याची, म्हणून टायरही सासऱ्यानंच टाकायचे, असा त्याचा हिशेब. खताबियाण्याचं चालतं दुकान आहे रामप्रसादचं. दिवाळीला फोन बदलला, तेव्हा जुना फोन नीट चालत होता. पण टायरला धोंडा पाहिजे!

त्यानं माझ्यासमोर माझ्या वडिलांना, अण्णांना फोन लावला. "मामा, बाकी काई नको, टायरचं तेवढं बघा." नंतर मी अण्णांना स्वतः फोन करून बजावलं, की घ्यायचे नाहीत. अण्णा म्हणाले, "माय, पाव्हण्यायनं तोंडानं मागितलंय. आता न्हाई कसं म्हणावं?"

त्याच दिवशी मी सांगून टाकलं, की टायर बदलल्याशिवाय मी या गाडीवर बसणार नाही आणि माझी लेकही बसणार नाही. रामप्रसादला वाटलं आठवड्यात विसरेल. मी विसरले नाही. लग्नाला, बारशाला, दवाखान्याला मी दीपिकाचा हात धरून फाट्यापर्यंत चालत गेले. तो गाडीवर आमच्या पुढून जायचा. बाया विचारायच्या, "भांडलाव की काय?" मी म्हणायचे, हो. लपवायचं काय त्यात?

जेठाचा अधिक महिना आला. राणीसावरगावहून, माझ्या माहेरचं बोलावणं आलं. परभणी जिल्ह्यातलं ते ऊन. रामप्रसाद अंधार असतानाच गाडी घेऊन निघाला. उन्हाच्या आत पोचतो म्हणाला. दीपिका आणि मी गंगाखेडला बस बदलून अकराला पोचलो.

आईनं, कमलबाईनं, मन लावून स्वयंपाक केला होता. अण्णांनी जावयाचे पाय धुतले. माझे सत्तरीचे वडील, चंद्रभान म्हटलं की गावात माणसं उठून उभी राहतात, ते वाकून याची बोटं पुसत होते आणि हा पाय पुढं करून बसला होता. मी दात आवळून बसले. मग अनारशांचं ताट आलं. आणि त्याच्यामागं पाटावर दोन कोरे टायर. हळदीकुंकू लावलेले, वर झेंडूची माळ. रामप्रसाद असा खुलला, की मला त्याच्याकडं बघवेना. त्यानं पहिल्यांदा केस चाचपले.

"परवाच आणले गंगाखेडहून," आई कौतुकानं सांगायला लागली. "गळ्यात दोन्ही टायर अडकवून आले बघ. येताना ह्यांची गाडी दोनदा पंक्चर झाली. भर दुपारी ढकलत आणली. पर टायरला धूळ लागू दिली न्हाई."

"अण्णांची गाडी दोनदा का पंक्चर झाली?" मी विचारलं.

"जुनी हाय," अण्णा घाईनं म्हणाले. "तू अनारसा खा."

मी उठून बाहेर गेले. लिंबाखाली अण्णांची गाडी उभी होती. जावयाला द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतःच्याच गाडीसारखी नवी घेतली होती, त्यामुळे दोन्ही गाड्या एका मापाच्या. मी मागचं चाक फिरवून पाहिलं. नक्षी नव्हतीच. घोटून गुळगुळीत झालेलं. आणि मधोमध, बोटभर जागेत, रबराच्या खालून पांढरा धागा वर आलेला. धागा ओळखायला मला कुणी शिकवायची गरज नाही. त्या धाग्यावर बसून माझा बाप जावयासाठी टायर आणायला गेला होता.

आत जाऊन मी माळ काढली आणि दोन्ही टायर गळ्यात घातले.

"अगं, वाण हाय ते!" रामप्रसाद पाटावरून अर्धा उठला.

"तुमच्या टायरला केस हायत ना? नऊ वर्षं मोजायलाव. मग केसावर या घरी."

"माय, असं करू नको," अण्णा मागे मागे आले. "पाव्हण्यायचा अपमान व्हायलाय. मला म्हाताऱ्याला कुठं लांब जायचंय? रानात, न्हाईतर गंगाखेडला."

"तुमी रस्त्यात पडलाव तर मी हे टायर घेऊन काय करू, अण्णा? पूजा करू का?"

मी हे ओरडून बोलले. शेजारच्या बाया दारात आल्या. येऊ देत. मला राग नुसता रामप्रसादचा नव्हता, अण्णांचाही होता. लेकीचा संसार नीट चालावा म्हणून स्वतःचा जीव स्वस्त करून ठेवलेला माणूस, आणि त्यालाच सगळे थोर म्हणतात. मी गाडी स्टँडवरून काढली आणि ढकलायला लागले. मनगटातून कळ आली तशी दीपिकानं मागून कॅरिअरला हात लावला. गल्लीच्या तोंडाशी अण्णांनी हँडल माझ्या हातातून घेतलं.

बस स्टँडजवळच्या बालाजीनं तासाभरात दोन्ही टायर चढवले. जुने काढल्यावर त्यानं मागचा उजेडात धरला आणि नुसताच अण्णांकडं बघितलं. अण्णांनी मान खाली घातली. मग गाडीवर एक चक्कर मारून आले. उतरताना म्हणाले, "लय हलकी चालायलीय." त्यांच्या चेहऱ्यावर जरासा आनंद होता, आणि तो मला दिसू नये म्हणून ते टोपी सारखी करत होते.

चारची बस लागली तेव्हा रामप्रसाद चालत येताना दिसला. हातात अनारशांचा डबा. गाडी नव्हती.

"गाडी?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे हितंच. उन्हात नको." तो घाम पुसत, माझ्याकडं न बघता बोलला. "साईडनं पार फाटायलेत. पन्नास किलोमीटर तापलं तर फुटतंयच. दत्ता दोन वर्षांपासून म्हणायलाय."

त्याला कळलंच नाही आपण काय बोललो ते.

दोन वर्षं! मी चार महिने त्याला अडाणी समजत होते. इलास्टिक ताणून समजावत होते. वाटायचं, केसांच्या नादात याला दिसत नाही. याला सगळं दिसत होतं. दत्तानं सांगितल्यावरही हा दोन उन्हाळे आम्हाला त्या गाडीवर बसवत होता. दीपिकाला ताप असताना टाकीवर बसवून भर दुपारी परभणीला नेलं, तेव्हाही त्याला माहीत होतं. सकाळी अंधारात निघाला तोही त्याचमुळे. स्वतः एकटा बसायची वेळ आली तेव्हा याचा जीव मोलाचा झाला. पडल्यावर तो आधी गाडीकडं का धावला, हे मला एवढे दिवस उमगत नव्हतं. आता उमगलं: आम्ही त्याच्या हिशेबातच नव्हतो.

मी ओरडले नाही. ओरडायला समोर आपलं माणूस लागतं. दीपिकाला घेऊन बसमध्ये चढले. तीन जणांचं बाक होतं. तिला खिडकीपाशी बसवलं, शेजारी मी बसले आणि कडेच्या जागेवर माझी पिशवी ठेवली.

रामप्रसाद डबा घेऊन बाकाशी आला. "पिशवी घे की."

"पिशवीचं अर्धं तिकीट काढलंय," मी म्हणाले.

मागे बसलेली एक म्हातारी हसली. बाकी बस भरलेली होती. काचेतून अण्णा दिसले, नव्या टायरच्या गाडीवर बसून हात हलवणारे. दीपिकानं मोठ्यांदा विचारलं, "मम्मी, पप्पांना माहीत होतं का?"

"हो," मी म्हणाले, तेवढ्याच मोठ्यांदा.

रामप्रसाद गंगाखेडपर्यंत उभा राहिला. मी पिशवी उचलली नाही.