वाचनकाठीचं एकच बोट

एझ्रा सरांना त्यात मिळणार तरी काय होतं? पाहुण्यांत पहिली खुर्ची, थोडं कौतुक आणि मलिद्याचं भरलेलं ताट. एवढ्यासाठी त्यांनी एकदाच तोंड मिटलं.

मित्रांनो, मी एक जुनी वाचनकाठी आहे. नवेगाव बांधच्या मनिराम सुताराने मला सागाची घडवली. टोकाला इवलासा हात, त्याचं एकच बोट पुढे.

"बाकीची बोटं काऊन मिटवता, सर?" मनिरामने विचारलं होतं.

"एका वेळी एकच शब्द दाखवायचा, म्हणून."

गोंदियात मराठी बोलणारी यहुदी घरं तीनच. मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्याने सर्वांसमोर तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, हिब्रूत वाचायचा. शब्दांना हात लावत नाहीत, म्हणून मी. हे वाचन शिकवायचे एझ्रा सर. वाचणारा चुकला की ते भर समारंभात अडवायचे, "पुन्हा!" त्या 'पुन्हा'चा मला फार अभिमान होता.

मग रूबेनची पाळी आली. त्याला हिब्रू अक्षरं लागत नव्हती.

"सर, ठाण्याचे पाहुणे तिकिटं काढून बसले," त्याची आई लिआबाई म्हणाली. "कायले रगडून राहिले पोराला? देवनागरीत लिहून द्या, घोकून टाकेल."

सरांनी लिहून दिलं.

त्या दिवशी रूबेन खडाखडा बोलला. मी मात्र दोन ओळी मागे होते. सरांनी ओठ उघडले, पाहुण्यांकडे पाहून मिटले. टाळ्या पडल्या. पुढे सगळ्यांनाच तशी वही हवी झाली. अक्षरं शिकायला कोणी आलं नाही. मी कपाटात गेले.

पंचवीस वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात सरांना लकवा झाला, वाचा गेली.

परवा रूबेन आपल्या लेकीला, डालियाला घेऊन त्यांच्या खाटेशी बसला. आता मुलीही वाचतात; पुढच्या महिन्यात तिला वाचायचं आहे. त्याने मला कपाटातून काढून पुसलं, हिब्रू पानावर टेकवलं आणि जुनं पाठांतर सुरू केलं.

"पपा, ओळ संपली. तुमचं वाचणं काऊन नाही संपलं?"

"गप ऐक."

"मग हे पहिलं अक्षर कोणतं, ते सांगा."

रूबेनने सरांकडे पाहिलं. सरांनी हात उचलला. गळ्यातून नुसती घरघर आली.

"फोनवर शिकू," रूबेन पुटपुटला.

फोन सांगेल हो. पण ही चुकली, तर तिच्या डोळ्यांत बघून 'पुन्हा' कोण म्हणेल? मित्रांनो, मला पुसू नका, हवं तर. पण शिकवणारा अडवतो, तेव्हा त्याला अडवू द्या.

माझं बोट अजून त्या पहिल्या अक्षरावर आहे. सरांना खुर्ची मिळाली, लिआबाईंना कौतुक, रूबेनला पाहुण्यांकडून भेट आलेलं मनगटी घड्याळ. किंमत भरून राहिली डालिया, जी तेव्हा जन्मलीही नव्हती.