सगिनबायचं बोट

बुरुलचा शाळेतून घरी आली तेव्हा दारात बुटांचा ढीग पडला होता. एवढे बूट तिच्या लग्नालाही जमले नव्हते. आत तिचे वडील सगिनबाय 'बोलायला' लागले होते.

दारू पिऊन ट्रक चालवणाऱ्या एमिलनं त्यांना उडवलं, तेव्हापासून ते गादीवर पडून होते. हात, पाय, जीभ, काहीच हलत नव्हतं. आज नारीन शहरातून शारबेक नावाचा अंतर्ज्ञानी आला होता. त्याला आणलं होतं एमिलच्या आईनं, आणि यात गावाला काहीच वावगं वाटलं नव्हतं.

शारबेकची रीत सोपी होती. चादरीवर दोन वाट्या. डावीकडे पांढरे दाणे म्हणजे होय, उजवीकडे काळे म्हणजे नाही. म्हाताऱ्याच्या मनगटाखाली तो आपला तळवा धरी, की म्हाताऱ्याचं बोट आपोआप वाटीकडे सरके.

"आत्मा मेंदूत राहत नाही, मंडळी! मेंदू म्हणजे टपालपेटी. पेटी फुटली, पत्रं शाबूत आहेत. मी नुसता पोस्टमन!"

"काय बोलतो हो!" शेजारीण गहिवरली.

पोस्टमननं दुपारभर टपाल वाटलं होतं. कालव्याचं पाणी चोरणाऱ्या शेजाऱ्याला माफी, हरवलेल्या मेंढीबद्दल पुतण्याला माफी. धडधाकट असताना सगिनबाय इतके उदार कधीच नव्हते.

बुरुलचा नववीला 'माणूस आणि समाज' शिकवायची. 'व्यक्ती म्हणजे स्वतःची इच्छा असलेला माणूस' हे वाक्य तिनं या खोलीतल्या निम्म्या लोकांकडून घोटून घेतलं होतं. त्यांनी घोटलं होतं, एवढंच.

गावच्या पंचांतले थोरले झुमाश अक्साकल लोकरीच्या नमद्याची उंच टोपी सावरत म्हणाले, "ये पोरी. तुझ्या बापानं एमिलला माफ केलं. 'राजी आहे' म्हणाला. उद्या पंच बसतील, खटला मागे घ्यायचा, मेंढा कापायचा."

एकदा 'राजी' म्हटलं की त्या गुन्ह्याबद्दल परत कुणी तोंड उघडायचं नाही, हा तिथला रिवाज. म्हणजे उद्यापासून बुरुलचानंसुद्धा नाही.

"म्हणाले? कोण म्हणालं?"

"हे काय, बोट!"

"बाबांना होय म्हणायचं असलं की ते डोळे मिटतात, नाही म्हणायचं असलं की वर बघतात. आतला माणूस जागा आहे, असं डॉक्टरनं सांगितलंय. मी कधीची ओरडतेय!"

"अहो बाई, त्याला वेळ किती लागतो!" शेजारी म्हणाला. "आणि डोळे काय, माशी गेली तरी मिटतात."

वेळ लागायचा, हे खरं होतं. पहिल्या उत्तराची वाट बघेपर्यंत चहा निवायचा. बोट कसं झटपट होतं.

बुरुलचानं राग गिळला. "शारबेकभाई, उत्तरं बाबांची आहेत ना? मग तुमचे डोळे झाकले तर चालेल?"

"डोळे? मला डोळ्यांची गरजच काय!"

तिनं झुमाशची टोपी मागून घेतली आणि शारबेकच्या नाकापर्यंत खाली ओढली. मग आवाज न करता वाट्यांची अदलाबदल केली. कुणीतरी फिसकन हसलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"बाबा, मी तुमची मुलगी आहे का?"

बोट ठामपणे डावीकडे गेलं आणि काळ्या दाण्यांत रुतलं.

"अगं बाई!" शेजारीण म्हणाली. "हिची आई आज असती तर या शारबेकचं काही खरं नव्हतं!"

हशा उसळला. शारबेकनं टोपी वर केली आणि तो उखडला. "आत्मा गोंधळला! वाट्या कुणी बदलल्या?"

"बाबांना विचारा. ते बघत होते."

तिनं वाट्या परत आपापल्या जागी ठेवल्या. "हात खालून तुम्ही ढकलता," ती म्हणाली, "उत्तर तुमच्या मनात असतं तिकडे. कदाचित तुमचं तुम्हालाही कळत नसेल. पण ढकलता तुम्हीच."

"आणि डोळ्यांचा अर्थ तू लावतेस, त्याचं काय?" झुमाश म्हणाले.

"बरोबर. मीही खोटी असेन. मी बाहेर जाते. मला माहीत नसलेलं काही विचारा. मग एमिलचं विचारा."

बाहेर बुटांच्या ढिगाजवळ एमिल उभा होता. आत यायची त्याची हिंमत झाली नव्हती.

बऱ्याच वेळानं झुमाश बोडक्यानंच बाहेर आले. "लहानपणी आम्ही दोघांनी एक घोडा पळवला होता. आजवर कुणाला सांगितलं नाही. काळा होता का विचारलं, तर वर बघितलंन. करडा का म्हटलं, तर डोळे मिटले. करडाच होता. पोरी, तो सगळा वेळ आत होता. आणि आम्ही त्याच्या देखत त्याच्या वतीनं..."

"एमिलचं?"

"वर बघितलंन. परत विचारलं. परत वर."

मागून शेजारी डोकावला. "पण माझ्या पाण्याची माफी तरी धरायची ना, बाई?"

बुरुलचानं आतल्या गादीकडे बोट दाखवलं.

"मी काय करू आता?" एमिलनं विचारलं.

"तू स्वतः त्यांना एकदाही विचारलेलं नाहीस. आत जा. ते नाही म्हणाले तर ते नाही ऐक. खटला चालेल."

एमिल वाकला आणि बूट काढू लागला.

मुका माणूस काय म्हणतो हे सांगणारा कुणी भेटला, तर आधी त्या सांगणाऱ्याचे डोळे झाकून बघावं. त्याला विद्या लागत नाही, टोपी पुरते. मग मुक्या माणसालाच विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. टोपी प्रत्येकाच्या घरी असते. थांबणंच तेवढं कुणाला जमत नाही.