सिनेमातला शेवट

ज्यूदोच्या एका खऱ्या गुरुजींवरच्या जुन्या जपानी सिनेमात, शेवटी मरणाच्या दारातले गुरुजी शिष्याचा हात धरून म्हणतात, "तालीम सोडू नकोस."

प्रत्यक्षात गुरुजी त्यांच्या शिष्याला म्हणाले होते, "मी गेलो की तालमीला कुलूप लाव आणि मोकळा हो." शिष्याने दिग्दर्शकाला परोपरीने सांगितलं, पण शेवट बदलला नाही. सिनेमा गाजला, तालीम भरली आणि तो अडकला.

म्हातारपणी गुडघे गेले, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, आता माझ्याकडे चला."

बॅग भरून त्याने तालमीचं दार उघडलं, तर पायरीवर एक बाई मुलीला शिकायला घेऊन उभी.

"सर, तो शेवट बघून किती रडलो आम्ही!"

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं, मग मुलीकडे पाहिलं. बॅग त्याने पायानेच दाराआड सरकवली.

"या. बूट बाहेरच काढा."